नागिणीचा माग पाठीतल्या पाण्यात

पैठण तालुक्यातल्या आमच्या गावी माझ्या काकूंच्या कपाळावर डाव्या बाजूला फोड आले. आधी दोन दिवस कपाळ नुसते जळजळत होते. मग भुवईपासून डोक्याच्या केसांपर्यंत पाण्याने भरलेल्या बारीक फोडांची रांग उठली. शेजारणीने पाहताक्षणी सांगितले, "ही नागीण." गावात नागीण उतरवणारे एक गृहस्थ होते. त्यांनी मंत्र म्हटला, काव लावली आणि बजावले, "तोंड आणि शेपूट जुळू देऊ नका, नाहीतर माणूस हाती लागत नाही." तोंड आणि शेपूट जुळले नाही. तीन आठवड्यांत खपल्या पडल्या. काकू बऱ्या झाल्या असे सगळ्यांनी ठरवले, आणि मंत्राला यश मिळाले असेही ठरवले.

दोन महिन्यांनी एका सकाळी चहाचा कप काकूंच्या उजव्या हातातून गळून पडला. उजवा हात व उजवा पाय लुळा पडला, बोलणेही अडखळू लागले. त्यांना घेऊन आम्ही शहरात आलो. पक्षाघाताचा झटका आला आहे हे तर आम्हालाही दिसत होते. पण रक्तदाब नेहमीच चांगला, मधुमेह नाही, मग झटका कशामुळे आला? तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी काकूंच्या कपाळावरचे फिकट वण पाहिले आणि विचारले, "इथे अलीकडे नागीण उठली होती का?" आम्ही गोंधळलो. कपाळावरच्या बऱ्या झालेल्या फोडांचा लुळ्या हाताशी संबंध काय?

विद्यार्थी मित्रांनो, मी भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस. वैद्यकातले मला फारसे कळत नाही. परंतु पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेतून जे कागद येत गेले ते वाचताना माझ्या लक्षात आले की, यात भागाकार आहे, घातांक आहेत, संभाव्यता आहे. म्हणजे तुमच्या गणिताच्या पुस्तकात आहे तेच सारे आहे. म्हणून हा लेख.

प्रथम नागीण म्हणजे काय ते पाहू. हंगेरीतील बालरोगतज्ज्ञ यानोश बोकाय यांना १९ व्या शतकाच्या अखेरीस एक विचित्र गोष्ट आढळली. घरात मोठ्या माणसाला नागीण झाली की काही दिवसांनी त्याच घरातल्या लहान मुलांना कांजिण्या येत. दोन रोगांचे मूळ एकच असावे असा तर्क त्यांनी केला. तो सिद्ध व्हायला अर्धे शतक लागले. १९५० च्या दशकात अमेरिकेतील थॉमस वेलर यांनी दोन्ही रोगांच्या फोडांतील विषाणू काचेच्या नळीत जिवंत पेशींवर वाढवले आणि ते एकच आहेत असे दाखवले. (पोलिओचा विषाणू असाच वाढवल्याबद्दल १९५४ चे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले त्यांतले हे एक. कांजिण्यांच्या कामासाठी त्यांनी वापरलेल्या द्रवांपैकी एक त्यांच्या स्वतःच्याच मुलाच्या फोडांतला होता!)

मग लहानपणच्या कांजिण्या आणि साठीतली नागीण यांच्या मधल्या पन्नास वर्षांत हा विषाणू राहतो कोठे? याचे उत्तर प्रथम ज्याने नीट मांडले तो कोणी मोठ्या संस्थेतला संशोधक नव्हता. एडगर होप-सिम्पसन हे इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर या छोट्या गावात दवाखाना चालवणारे साधे डॉक्टर. १६ वर्षे आपल्या दवाखान्यात येणाऱ्या नागिणीच्या प्रत्येक रोग्याची त्यांनी नोंद ठेवली. १९६५ साली त्यांनी लिहिले की, कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू शरीर सोडून जात नाही. तो मज्जातंतूंच्या गाठींमध्ये झोपून राहतो, आणि शरीराची प्रतिकारशक्ती उतरत्या वयात किंवा आजारपणात मंदावली की जागा होऊन त्याच मज्जातंतूवरून कातडीपर्यंत परत येतो. वही, पेन्सिल आणि चिकाटी एवढ्यावर केवढा शोध लागू शकतो पाहा. शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात अवश्य सांगावे.

या गाठींना शास्त्रीय परिभाषेत गुच्छिका म्हणतात. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना प्रत्येक मणक्याजवळ त्यांची एकेक जोडी असते. डाव्या गुच्छिकेतला मज्जातंतू डाव्या अर्ध्या अंगाच्या एका पट्ट्याची संवेदना आणतो, उजवीतला उजव्या अर्ध्याची. विषाणू बहुधा एकाच गुच्छिकेत जागा होतो. म्हणून फोडांची माळ पाठीतून निघते, बरगडीच्या बाजूने वळते आणि पोटाच्या मध्यरेषेशी येऊन थांबते. तोंड-शेपूट जुळत नाही ते कोणाच्या मंत्रामुळे नव्हे. मज्जातंतूची हद्दच तेथे संपते. प्रतिकारशक्ती फारच ढासळलेल्या एखाद्या रोग्यात फोड दोन्ही बाजूंना उठतात, पण त्याला धोका असतो तो ढासळलेल्या प्रतिकारशक्तीचा. फोडांनी वर्तुळ पुरे केले म्हणून कोणी मरत नाही.

चेहऱ्याची संवेदना आणणाऱ्या मज्जातंतूची गुच्छिका मात्र कवटीच्या आत असते. काकूंच्या बाबतीत विषाणू जागा झाला तो तेथे. या गुच्छिकेतून काही तंतू कपाळाकडे जातात, तसेच काही तंतू मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्यांच्या भिंतीपर्यंतही जातात. विषाणूला दोन्ही वाटा मोकळ्या. पहिल्या वाटेने गेला तर फोड येतात, ते सर्वांना दिसतात. दुसऱ्या वाटेने गेला तर धमनीची भिंत सुजते, आतला मार्ग अरुंद होतो आणि कित्येक आठवड्यांनी मेंदूच्या त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. डावा मेंदू उजवे अंग चालवतो, हे तुम्ही जीवशास्त्रात शिकला आहातच. डाव्या कपाळावर नागीण आणि उजवा हात लुळा, या कोड्याचा उलगडा असा आहे.

हा झाला तर्क. पण पक्षाघाताची कारणे अनेक असतात, आणि आपल्या देशात मेंदूच्या आवरणाचा क्षयरोगही धमन्या अशाच अरुंद करतो. दोन्हींचे उपचार अगदी निराळे. तेव्हा पुरावा हवा. फोड ताजे असते तर काम सोपे होते. फोडाच्या तळाचा खरवड काचपट्टीवर घेऊन रंगवला की एकेका पेशीत अनेक केंद्रके असलेल्या राक्षसी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. (ही युक्तीही पूर्ण पुरावा देत नाही, ओठावर जर उठवणाऱ्या चुलत विषाणूमुळेही तशाच पेशी दिसतात.) काकूंच्या कपाळावर आता नुसते वण होते. मेंदूतली धमनी कापून पाहणे शक्य नाही. मग पाहायचे कोठे?

आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, जे आले आहेत त्यांनी पाणचक्की पाहिली असेल. कित्येक किलोमीटर दूरच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून तेथे आणलेले होते. समजा, वर डोंगरापाशी त्या पाण्यात कोणी रंग टाकला, तर डोंगरावर न जाताही पाणचक्कीपाशी तांब्याभर पाणी घेऊन ते कळले असते. आपल्या मेंदूच्या पोकळ्यांमध्येही असाच एक झरा आहे. त्यातून स्वच्छ द्रव पाझरतो, मेंदूभोवती आणि मज्जारज्जूभोवती खेळतो आणि पुन्हा रक्तात जिरतो. त्याला मस्तिष्क-मेरुद्रव म्हणतात. व्यवहारात आपण "पाठीतले पाणी" म्हणतो. कोणत्याही क्षणी तो सुमारे १५० मिलिलिटर असतो, आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवा तयार होतो. म्हणजे दिवसातून तीनेक वेळा सगळे पाणी बदलते. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून हे पाणी काढण्याची रीत जर्मनीतील हाइनरिख क्विंके यांनी १८९१ साली प्रचारात आणली. पाठीतले पाणी काढले की माणूस कायमचा अधू होतो, ही भीती आपल्याकडे अजून आहे. आमच्या घरातही त्यावरून अर्धा दिवस वाद झाला. वस्तुस्थिती अशी की, मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो आणि सुई त्याच्या खाली घालतात. तेथे द्रवात तरंगणारे सुटे मज्जातंतू असतात, ते सुईच्या टोकापासून बाजूला सरकतात. अर्थात सुई घालण्यापूर्वी कवटीतला दाब वाढलेला नाही याची खात्री करावीच लागते.

काकूंचे पाणी स्वच्छ, नितळ निघाले. निरोगी माणसात एका घनमिलिमीटरमध्ये पाचाहून कमी पांढऱ्या पेशी असतात; येथे चाळीस होत्या, आणि त्या बहुतेक लसिका पेशी. प्रथिने थोडी वाढलेली. साखर मात्र रक्तातल्या साखरेच्या सुमारे दोनतृतीयांश, म्हणजे जशी असावी तशीच. क्षयाच्या जंतूंमुळे ही साखर बहुधा बरीच उतरते, विषाणूमुळे सहसा उतरत नाही. म्हणजे बोट विषाणूकडे वळले. पण कोणत्या विषाणूकडे?

यासाठी जी चाचणी केली तिचे नाव तुमच्या पालकांना आणि शिक्षकांना २०२० सालच्या कोरोनाच्या साथीपासून तोंडपाठ आहे: पीसीआर. कोरोनाचा विषाणू आरएनएचा असल्यामुळे त्याचे आधी डीएनएत रूपांतर करावे लागे. नागिणीचा विषाणू मुळात डीएनएचाच आहे. सुमारे सव्वा लाख अक्षरांचा हा संदेश. त्यातला फक्त याच विषाणूत सापडणारा एक छोटा तुकडा निवडायचा. त्याच्या दोन टोकांना नेमके चिकटतील असे वीसेक अक्षरांचे दोन कृत्रिम तुकडे मिश्रणात टाकायचे. मग मिश्रण ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे, म्हणजे डीएनएचे दोन पदर सुटतात. थंड केले की कृत्रिम तुकडे आपापल्या जागी चिकटतात, आणि एक विकर उरलेला पदर विणून पुरा करते. एकाचे दोन झाले. पुन्हा तापवा, पुन्हा थंड करा: दोनाचे चार. हे विकर उकळत्या पाण्याच्या जवळपास टिकणारे हवे. ते मिळाले अमेरिकेतील गरम झऱ्यांत राहणाऱ्या एका जीवाणूपासून. आपल्या मराठवाड्यातल्या उनकेश्वरच्या गरम कुंडाकडे यापुढे थोड्या निराळ्या नजरेने पाहा! ही सगळी कल्पना कॅरी मुलिस यांना १९८३ साली सुचली आणि तिच्याबद्दल १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता गणित करा. दहा फेऱ्यांनंतर एकाचे १०२४. वीस फेऱ्यांनंतर साडेदहा लाखांच्या आसपास. तीस फेऱ्यांनंतर १०७ कोटींहून अधिक. बुद्धिबळाच्या पटावर दाणे दुप्पट करत जाण्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, तीच ही. प्रत्येक नव्या तुकड्याबरोबर थोडा प्रकाश देणारा रंग मोकळा होतो, आणि प्रकाश ठराविक पातळीच्या वर कितव्या फेरीला गेला ते यंत्र टिपते. मूळ नमुन्यात डीएनए दहापट कमी असेल तर ती पातळी गाठायला किती फेऱ्या जास्त लागतील? दोनाचा कितवा घात दहा होतो, हाच तो प्रश्न. उत्तर सुमारे ३.३.

एवढी जबरदस्त चाचणी! तिचा अहवाल आला: "विषाणूचा डीएनए आढळला नाही." आमच्या घरात आनंद झाला. चुलतभाऊ म्हणाला, "नागिणीचा काही संबंध नाही, ते औषध बंद करा." डॉक्टरीणबाईंनी मात्र शिरेतून चालू केलेले असायक्लोव्हिर बंद केले नाही. त्या म्हणाल्या, "आढळला नाही म्हणजे नाही असे नव्हे."

मला हे वाक्य प्रथम पळवाटेसारखे वाटले. मग घरी येऊन हिशेब केला. समजा, १ मिलिलिटर पाण्यात विषाणूच्या डीएनएचे फक्त ५ रेणू आहेत, आणि चाचणीला त्यातले ०.२ मिलिलिटर, म्हणजे एकपंचमांश पाणी घेतले. एखादा रेणू त्या भागात न येण्याची शक्यता ४/५. पाचही न येण्याची शक्यता ४/५ चा पाचवा घात, म्हणजे १०२४/३१२५, सुमारे ०.३३. दर तीन वेळांत एकदा नळीत एकही रेणू नाही! आणि शून्याची कितीही वेळा दुप्पट केली तरी शून्यच. पाण्यात ५० रेणू असते तर हीच शक्यता लाखात एक-दोन इतकी खाली येते. तेव्हा प्रश्न यंत्राच्या ताकदीचा नाही, पाण्यात मुळात किती रेणू सुटत आहेत याचा आहे. आणि विषाणू धमनीच्या भिंतीत दडलेला असेल तर पाण्यात फार थोडे रेणू येतात. शिवाय हे पाणी दिवसातून तीनदा बदलते हे आठवा. पूर्वी सुटलेले रेणू आता उरणार कोठून?

मग दुसरा साक्षीदार शोधावा लागतो. शरीर ज्या शत्रूशी लढते त्याच्यासाठी खास प्रतिपिंडे बनवते. विषाणू मेंदूपाशी ठाण मांडून असेल तर तेथे जमलेल्या पेशी आठवडेच्या आठवडे प्रतिपिंडे बनवत राहतात, पाणी कितीही वेळा बदलले तरी. पण येथे एक मोठी अडचण आहे. ज्याला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या त्या प्रत्येकाच्या रक्तात ही प्रतिपिंडे असतातच, तुमच्या-माझ्याही असतील. म्हणून नुसत्या रक्तात ती सापडून काहीच सिद्ध होत नाही. रक्त आणि मेरुद्रव यांच्यामधला पडदा फार घट्ट असला तरी थोडी प्रतिपिंडे त्यातून झिरपतात. मग मेरुद्रवात सापडलेली प्रतिपिंडे झिरपून आलेली की तेथेच बनलेली, हे ओळखायचे कसे?

युक्ती सुंदर आहे आणि सातवीतल्या गुणोत्तराची आहे. रक्त आणि मेरुद्रव एकाच दिवशी घ्यायचे. सर्व प्रकारची मिळून एकूण प्रतिपिंडे दोन्हींत मोजायची, आणि नागिणीच्या विषाणूविरुद्धची खास प्रतिपिंडे दोन्हींत मोजायची. समजण्यासाठी मी सोपे आकडे घेतो. एकूण प्रतिपिंडे रक्तात १२०० व मेरुद्रवात ४; गुणोत्तर १/३००. म्हणजे पडद्यातून तीनशेत एक झिरपते. खास प्रतिपिंडेही नुसती झिरपूनच आली असती तर त्यांचे गुणोत्तरही १/३०० च्या जवळपास हवे होते. पण समजा ती रक्तात १५०० एकके आणि मेरुद्रवात २० एकके निघाली, गुणोत्तर १/७५. दुसऱ्या गुणोत्तराला पहिल्याने भागा: ३००/७५ = ४. जेवढी झिरपायला हवी होती त्याच्या चौपट! ही जादा प्रतिपिंडे आतच बनली. सामान्यतः हा भागाकार १ च्या आसपास येतो, आणि १.५ च्या वर गेला की आत कारखाना चालू आहे असे धरतात.

याच युक्तीचा आणखी एक गुण पाहा. सुजेमुळे पडदा सैल झाला तर? एकूण प्रतिपिंडे ४ ऐवजी १२ झाली, गुणोत्तर १/१००. खास प्रतिपिंडे १५ झाली, त्यांचेही १/१००. भागाकार पुन्हा १. पडद्याचा सैलपणा अंश व छेद दोन्हींत येतो आणि कटून जातो. प्रयोगशाळेत आम्ही नेहमी विद्यार्थ्यांना सांगतो की, ज्या राशीचे नियंत्रण करता येत नाही ती गुणोत्तरात घालून काढून टाका. व्हीटस्टनच्या सेतूत हेच करतात.

काकूंचे दोन्ही नमुने बर्फात ठेवून परगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवले गेले. चार दिवसांनी उत्तर आले. भागाकार ३ च्या वर होता. नागीणच.

हे एकट्या काकूंचे नशीब नव्हते. २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी नागिणीच्या विषाणूमुळे मेंदूच्या धमन्या बिघडलेल्या ३० रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. मेरुद्रवात विषाणूचा डीएनए सापडला फक्त ९ जणांत. प्रतिपिंडे सापडली २८ जणांत. आणखी एक गोष्ट त्यात होती. त्या ३० पैकी अकरा जणांच्या अंगावर फोड उठल्याची नोंदच नव्हती! फोड न येताही हा विषाणू आत जागा होऊ शकतो. याउलट, विषाणू मेंदूच्या आवरणावर किंवा खुद्द मेंदूवर नुकताच चालून आलेला असेल तर पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत पीसीआर हीच चांगली साक्ष, कारण प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून शक्य तेथे दोन्ही चाचण्या मागवतात.

औषधासाठी मात्र अहवालाची वाट पाहत नाहीत. दाट संशय आला की असायक्लोव्हिर सुरू करतात. नंतर कारण दुसरेच निघाले तर थांबवता येते. हे औषध विषाणूची डीएनए विणण्याची क्रिया मध्येच तोडते. साधी नागीण असली तरी फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर उत्तम, आणि कपाळावर, डोळ्याजवळ किंवा कानाजवळ फोड असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. डोळा जाण्याचाही धोका असतो. पन्नाशीनंतर घ्यायची नागिणीची लस भारतात २०२३ पासून मिळते, पण ती बरीच महाग आहे.

काकूंचा हात बराच सुधारला आहे. भाकरी थापता येते, सुईत दोरा ओवता येत नाही. त्या तीन आठवड्यांत गोळ्या मिळाल्या असत्या तर झटका टळला असता का, असे मी डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "कदाचित." संभाव्यतेचा हिशेब कळत असूनही हे उत्तर पचवणे मला जड गेले.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. पसरट भांड्यात पाच वाट्या ज्वारी घ्या. तीत एकसारखे पाच लाल मणी टाका आणि नीट कालवा. डोळे मिटून एक वाटी भरून घ्या, मणी मोजा, लिहा, ज्वारी परत टाका, पुन्हा कालवा. असे साठ वेळा करा. वाटीत एकही मणी न आल्याच्या वेळा वीसच्या आसपास भराव्यात. मग मणी दहा करा आणि किती वेळा रिकामी वाटी येईल ते आधी कागदावर काढून नंतर पडताळून पाहा. मणी ज्वारीच्या दाण्याएवढेच घ्या. मोठे घेतलेत तर हलवताना ते वर येऊन बसतात आणि हिशेब चुकतो. आमच्या वर्गात पहिल्यांदा नेमके तेच झाले होते.